ग्वाल्हेरच्या थंडीत हॉट-अँड-कोल्ड एसी मध्येच गरम हवा बंद करतो. बिघडला का?

नाही. जानेवारीच्या धुक्यात पारा ४-५ अंशांवर आला की बाहेरच्या युनिटच्या कॉइलवर बर्फ धरतो. तो वितळवायला मशीन थोडा वेळ उलटं चालतं: आतला पंखा थांबतो, बाहेर पाणी ठिबकतं, वाफही दिसते. पाच-दहा मिनिटांत पुन्हा गरम हवा येते. एवढ्यासाठी कुणी गॅस भरायला सांगितलं, तर आधी गळती दाखवा म्हणा. गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही.

खरी काळजी धुळीची घ्या. शहरातल्या लश्कर भागातल्या गच्च्यांवर उन्हाळाभर धूळ बसते, कॉइलच्या फटी बुजतात आणि बर्फ वारंवार धरतो. दिवाळीच्या साफसफाईतच मेन स्विच बंद करून पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घ्या. जोराच्या धारेने पातळ पत्र्या वाकतात. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी. बर्फ तासभर वितळलाच नाही तर मेकॅनिक बोलवा, खरवडू नका.