कूलरमागचे पारवे

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. फेब्रुवारीअखेर खिडकीतल्या कूलरवरचे आच्छादन काढले, तेव्हा कूलर आणि भिंत यांमधल्या फटीत पारव्यांनी काटक्या रचून दोन अंडी घातलेली दिसली. जुन्या सीडी टांगून पाहिल्या, प्लॅस्टिकचे घुबड बसवले; आता पारवे त्या घुबडाच्या डोक्यावर बसतात. सासूबाईंना दमा आहे. घरटे उचलून दुसरीकडे ठेवता येईल का?

उत्तर : घरटे हलवू नये, कारण जागा बदलली की जोडी बहुधा अंड्यांकडे फिरकत नाही. अंडी सुमारे 18 दिवस उबवली जातात आणि पिल्ले साधारण महिन्याभरात उडतात, म्हणजे सहा-सात आठवड्यांचा प्रश्न आहे. तेवढे दिवस ती खिडकी बंद ठेवावी आणि शक्य असल्यास सासूबाईंची झोपण्याची व्यवस्था दुसऱ्या खोलीत करावी. सोलापूरच्या मार्चमध्ये हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. परंतु घरट्याला लागून असलेला कूलर सुरू करणे दम्याच्या रुग्णासाठी अधिक वाईट आहे. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची भुकटी कूलरचा पंखा थेट खोलीत ओढून आणतो. पारव्यांच्या विष्ठेशी दीर्घकाळ संपर्क आल्यास फुप्फुसांना सूज येणारा आजार होऊ शकतो, आणि दमा असलेल्यांनी तर अशा धुळीपासून दूरच राहावे.

पिल्ले उडाली की त्याच दिवशी कामाला लागावे. पारवे वर्षभर वीण घालतात आणि पहिली पिल्ले घरट्यात असतानाच पुढची अंडी घालण्याचीही त्यांची तयारी असते, म्हणून एक दिवसाची टाळाटाळ पुन्हा दोन महिन्यांची होऊ शकते. विष्ठा कोरडी झाडू नये. ती आधी पाणी मारून भिजवावी, नाकातोंडावर मास्क व हातांत मोजे घालून खरवडावी आणि पिशवीत बांधून टाकावी. कूलरची टाकी घासून घ्यावी आणि वाळ्याचे अथवा गवताचे पॅड धुण्याच्या भानगडीत न पडता सरळ नवे बसवावेत.

पारव्यांचे पूर्वज कड्यांच्या कपारींत घरटी करीत. कूलरमागची फट, सज्जाचा कठडा, नळांची डक्ट या त्यांच्या लेखी कपारीच आहेत, त्यामुळे पक्ष्याला घाबरवण्यापेक्षा कपार बुजवणे उपयोगी पडते. सुमारे 2 इंची चौकटीची नायलॉनची जाळी ताणून बसवावी. ढिली जाळी पक्ष्यांचे पाय अडकवते. आत एखादा पक्षी राहिला नाही, हे आधी पाहावे, आणि कूलर दुरुस्तीसाठी उघडता येईल अशी एक बाजू ठेवावी. कठड्यावर तिरपी फळी बसवली तर पारव्याला टेकता येत नाही. चिकट जेल मात्र लावू नये. त्यात चिमण्याही अडकून मरतात. पुढच्या हिवाळ्यात नुसत्या काटक्या दिसू लागल्या तर त्या रोजच्या रोज काढाव्यात. अंडी येण्याआधीची हीच वेळ. इमारतीच्या गच्चीवर कोणी रोज पसाभर ज्वारी टाकत असेल, तर त्यांच्याशीही गोडीगुलाबीने बोलावे, एरवी जाळीचा खर्च आपल्यालाच पुन्हा करावा लागेल.

प्रश्न : दारासमोरच्या कडुलिंबावरचा कावळा मे महिन्यात मला डोक्यावर चोच मारतो. आई म्हणते, हा अपशकुन असून शांत करून घ्यावी. काय करावे?

उत्तर : शांतीची गरज नाही, छत्रीची आहे. कडुलिंबावर घरटे असून त्यात पिल्ले आहेत आणि आपण त्याखालून जाता, एवढाच त्याचा अर्थ. कदाचित त्यांतले एखादे पिल्लू कोकिळेचेही असेल. पिल्ले उडाली की हल्ले थांबतात. तोवर दुसऱ्या बाजूने ये-जा करावी, आणि तसा रस्ता नसेल तर छत्री उघडून चालावे. सोलापूरच्या मेमध्ये ती एरवीही लागतेच. जमिनीवर एखादे पिसे फुटलेले पिल्लू दिसले तर ते उचलून घरात आणू नये, मांजर-कुत्र्यापासून वाचवण्यासाठी जवळच्या फांदीवर ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप पिल्लाला टाकतात, हा समज चुकीचा आहे. फक्त ते ठेवतानाही छत्री हाती असू द्यावी.