पहिलं फ्रेमवर्क निवडताना

वेब ॲप बनवायला शिकताना जावास्क्रिप्टचं पहिलं फ्रेमवर्क (ॲपचा तयार सांगाडा) कोणतं घ्यावं, रिॲक्ट की व्ह्यू, हा प्रश्न चांगला आहे, पण त्याआधी साध्या जावास्क्रिप्टमध्ये एक छोटं ॲप पूर्ण करा. कामांची यादी चालेल: काम जोडता यावं, खोडता यावं, पान रिफ्रेश केल्यावरही यादी टिकावी. एक काम खोडलं की यादी बदला, वरची संख्या बदला, 'सगळं झालं' हा मजकूर दाखवा, हे सगळं स्वतः सांभाळावं लागतं. तो त्रास एकदा अनुभवाच. 2013 मध्ये आलेलं रिॲक्ट आणि 2014 मधलं व्ह्यू नेमका तोच कमी करतात. तुम्ही स्टेट (ॲपमधली त्या क्षणाची माहिती) बदलता, स्क्रीन त्यानुसार बदलते.

मग निवड सोपी होते. नोकरी डोळ्यांसमोर असेल तर रिॲक्ट घ्या. एचटीएमएलची सवय असेल तर व्ह्यू लवकर हाताळता येतं. अँग्युलर हे आणखी एक फ्रेमवर्कही चांगलं आहे, पण सुरुवातीला जड जातं.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- जुने धडे गिरवणं. नवा रिॲक्ट प्रोजेक्ट तयार करून देणारं 'क्रिएट रिॲक्ट ॲप' हे साधन 2025 मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवलं गेलं. सरावाचा प्रोजेक्ट त्याच कामाचं व्हीट (Vite) हे साधन वापरून सुरू करा.
- पहिल्याच दिवशी रिडक्स (स्टेट सांभाळणारी वेगळी लायब्ररी) जोडणं. छोट्या ॲपला कंपोनंटमधली (स्क्रीनच्या एकेका भागाच्या कोडमधली) स्टेट पुरते.
- अडलं की फ्रेमवर्क बदलणं. ही सगळ्यात महागात पडते, कारण दरवेळी फक्त सुरुवातच शिकून होते.

सर्व्हर रेंडरिंग, टेस्टिंग वगैरे सध्या बाजूला ठेवा. यादीचं ॲप झालं की तेच निवडलेल्या फ्रेमवर्कमध्ये पुन्हा लिहा, आणि अडलात तर एररचा पूर्ण मजकूर देऊन बिनधास्त विचारा.