‘थ्रोज’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: एका अहवालाचा अनुवाद करते आहे. त्यात ‘द कंपनी इज इन द थ्रोज ऑफ अ मर्जर’ असं वाक्य आलंय. शब्दकोशात ‘थ्रोज’चा अर्थ ‘प्रसववेदना’ दिलाय. तो इथे कसा बसवू?
– एक वाचक

उत्तर: शब्दकोशातला अर्थ बरोबर आहे, ताई. बाळंतपणातली किंवा मरताना होणारी असह्य वेदना आणि तिच्यासोबतची तडफड, दोन्ही या शब्दात आहेत. एकवचनी ‘थ्रो’ आज क्वचितच दिसतो. कळ एकदा येऊन थांबत नाही ना! दिवस भरलेल्या बाईबद्दल आपणही ‘कळा सुरू झाल्या’, ‘वेणा येताहेत’ असं अनेकवचनातच बोलतो. दोन भाषांनी एकच गोष्ट इतक्या सारखेपणानं टिपावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुमच्या वाक्यात मात्र ‘इन द थ्रोज ऑफ’ हा अख्खा वाक्प्रचार आहे. उलथापालथ करणारं काहीतरी ऐन भरात चालू आहे आणि त्यात सापडलेल्याला दुसरं काही सुचत नाहीये, एवढंच तो सांगतो. क्रांती, घटस्फोट, घर बदलणं, कशालाही तो लागतो. मी लिहीन, ‘कंपनी सध्या विलीनीकरणाच्या रगाड्यात आहे.’ ‘विलीनीकरणाच्या प्रक्रियेतून जात आहे’ असं लिहिलंत तर चूक नाही, पण सगळी ओढाताण पुसली जाते. अनुवादातला असला गुळगुळीतपणा मला खरंच खुपतो.

संदर्भ बदलला की मराठी शब्दही बदला. १७८९ नंतरच्या फ्रान्सबद्दल असेल तर ‘राज्यक्रांतीच्या वणव्यात’. प्रेमाबद्दल असेल तर ‘आवेगात’. ‘डेथ थ्रोज’साठी पुष्कळजण ‘घरघर लागली’ लिहितात, ते मला पटत नाही. घरघर लागलेला माणूस विझत चाललेला असतो. थ्रोजमध्ये अंगातली धडपड अजून शिल्लक असते. एखादी राजवट जाता जाता हातपाय झाडत असेल, तर ती ‘शेवटचे आचके देत होती’ हेच नेमकं.

आणि इंग्रजीत लिहाल तेव्हा स्पेलिंग सांभाळा. ‘फेकतो’ या अर्थाच्या ‘थ्रोज’चा उच्चार अगदी हाच, त्याच्या शेवटी ‘ओ-डब्ल्यू-एस’ येतं, याच्या शेवटी ‘ओ-ई-एस’. संगणकाच्या लेखी दोन्ही शब्द शुद्ध, त्यामुळे अदलाबदल झाली तरी लाल रेघ उमटेलच असं नाही. ती डोळ्यांनीच पकडावी लागते.