घाम थांबायची वाट पाहू नका

प्रश्न : चंद्रपूरजवळ आमचं बांधकाम चालू आहे. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. गावाहून आलेला एक बिगारी तिसऱ्याच दिवशी स्लॅबवर चक्कर येऊन पडला. जुन्या माणसांना काही होत नाही, मग नव्यांनाच का? आणि कुणी पडलं तर नेमकं काय करायचं?
– एक मुकादम

उत्तर : शरीराला ऊन अंगवळणी पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. तुमच्या बिगाऱ्याला ही मुदत मिळालीच नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पाचवा हिस्साच काम द्या, म्हणजे आठ तासांपैकी साधारण दीड तास. रोज तेवढीच भर घाला, पाचव्या दिवशी पूर्ण पाळी. लग्नाला किंवा आजारपणात आठवडाभर गेलेला जुना गवंडी परतला, तर त्यालाही पहिल्या दिवशी निम्मंच काम. इथेच बहुतेक मुकादम चुकतात.

पाण्याचा माठ खाली ठेवू नका. शिडी उतरून प्यायला कुणी येत नाही. स्लॅबवरच ताडपत्रीच्या सावलीत ठेवा. दर १५-२० मिनिटांनी एक पेला, तहान नसली तरी. मात्र तासाला दीड लिटरच्या वर नको, रक्तातलं मीठ पातळ होतं. ओआरएसचं पाकीट लिटरचं असेल तर पूर्ण लिटरभर पाण्यातच मिसळा. पेल्यात ‘कडक’ करून पिणं घातक.

आता पडलेल्या माणसाचं. ‘अंग कोरडं पडलं म्हणजे उष्माघात’ हे अर्धवट ज्ञान आहे. कष्टाच्या कामात घामानं निथळणाऱ्यालाही उष्माघात होतो. खूण डोक्यात शोधा : बरळतो, तोल जातो, साध्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतो, झटके येतात. १०८ला फोन लावा, पण गाडीची वाट पाहत नुसते उभे राहू नका. सावलीत घ्या, बूट-पट्टा काढा, क्युरिंगचा (स्लॅबवर पाणी मारायचा) पाइप अंगावर धरा. आधी पाइपात तापलेलं पाणी सोडून द्या, ते चटका देईल इतकं गरम असतं. सतत वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. खिशातला कांदा असू द्या हवा तर, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : मी उणे २० अंशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माल लावतो. बोटांची टोकं पांढरी पडून बधिर होतात. हीटरवर शेकली तर चालतील?

उत्तर : नाही. बधिर कातडीला चटका कळत नाही, फोड आल्यावरच समजतं. चोळूही नका. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात १५-३० मिनिटं बोटं बुडवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याच्या कोपरानं तपासून घ्या. त्यानंतर त्या दिवशी पुन्हा आत जायचं नाही, कारण ऊब आलेली बोटं परत गोठली तर इजा वाढते. फोड आले, रंग काळपट झाला किंवा संवेदना परतली नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हातमोजे ओले झाले की लगेच बदला, घामानं भिजलेला सुती बनियनही. आत जाण्याआधीची तंबाखू बंद करा, तिनं बोटांतल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. लोखंडी रॅकला मात्र उघडा हात कधीच लावू नका.