‘तुमच्यासाठीच तर जातोय!’

"परदेशात चांगली नोकरी मिळतेय, पण बायको-मुलं, आई-वडील इथेच राहणार. जाऊ की नको?"

हा प्रश्न घेऊन पूर्वी माझ्याकडे समुपदेशनासाठी आयटीतली मुलं यायची. हल्ली नाशिकच्या अंबड-सातपूर भागातल्या कारखान्यांतले फिटर, इलेक्ट्रिशियन येतात, नर्सिंग केलेल्या मुली येतात. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून निफाड-दिंडोरीकडच्या घरांतही जर्मनीचं नाव निघू लागलंय. बहुतेकांना माझ्याकडून एकदाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं. पुढे काही बिनसलं तर ‘मॅडमच म्हणाल्या होत्या’ असं म्हणायला बरं!

मी ते सहसा देत नाही. मग काय करते, ते एका घराच्या निमित्तानं सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रशांत, वय 36. आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. पाथर्डी फाट्याला फ्लॅट, त्यावर 14 लाखांचं कर्ज बाकी. बायको वर्षा एका दवाखान्यात रिसेप्शनला, मुलगी पहिलीत. वडील, म्हणजे अण्णा, एसटीतून निवृत्त झालेले, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. आईला मधुमेह, त्यात गुडघे गेलेले. प्रशांतला दुबईत मेंटेनन्स टेक्निशियनचं काम मिळत होतं. पगार 4,200 दिरहम, राहायची सोय कंपनीची.

पहिल्यांदा तो एकटाच आला. "मला काय हौस आहे का मॅडम? घरच्यांसाठीच चाललंय सगळं. दोन वर्षं कळ काढायची, कर्ज फेडायचं आणि परत यायचं." हे तो इतक्या सराईतपणे बोलला, की घरात किती वेळा बोलून झालं असेल याचा अंदाज आला.

म्हटलं, हिशेब केला असेल ना, दाखवा. त्यानं मोबाइलमधली नोंद उघडली. दिरहमला 23 रुपये धरून 96,600, ते त्यानं सरळ एक लाख करून टाकलेले. त्यातून स्वतःचा खर्च शंभर-दीडशे दिरहम! जेवण, फोन, साबण-तेल, आजारपण, एखादी सुट्टीची संध्याकाळ हे सगळं तेवढ्यात. तिथे राहून आलेल्या त्याच्याच मित्राला फोन लावायला सांगितलं, तेव्हा आकडा 1,200 वर गेला. ग्रॅच्युइटी त्यानं पूर्ण पगारावर काढली होती. यूएईच्या कायद्यात ती मूळ पगारावर मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांची. ऑफरमध्ये मूळ पगार 2,000 आणि बाकी सगळे भत्ते. म्हणजे जिथे त्यानं सव्वा लाखाच्या वर धरले होते, तिथे दोन वर्षांनी हातात येणार साधारण 64 हजार.

हिशेबात आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटली. बायकोचा 14 हजार पगार जमेच्या बाजूला धरलेला होता. मग आई-अण्णांकडे बघणार कोण, असं विचारल्यावर तो म्हणाला, "वर्षा आहे ना. ती नोकरी सोडेल." एकाच बाईचा पगारही जमेला आणि तिचा दिवसही. मी त्याला हे दाखवलं, तेव्हा तो बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसला.

आम्ही आकडे पुन्हा मांडले. वर्षानं नोकरी सोडली तर दरसाल येण्याजाण्याचं एक तिकीट वगैरे धरून महिन्याला 22 हजारांच्या आसपास शिल्लक पडत होती. तिनं नोकरी ठेवली आणि आईच्या मदतीला बाई लावली, तर 27 हजार. दुसऱ्या मार्गानं ग्रॅच्युइटी धरूनही दोन वर्षांत सात लाख, म्हणजे निम्मं कर्ज. आता ‘दोन वर्षं कळ काढायची’ हे वाक्य उभं राहत नव्हतं. चार तरी म्हणावी लागत होती. मुलगी तोवर पाचवीत.

एजंटचं प्रकरण तर वेगळंच. तो दीड लाख मागत होता आणि म्हणत होता, आधी व्हिजिट व्हिसावर या, तिथे बदलून देऊ. इथे मात्र मी समुपदेशकाची तटस्थता बाजूला ठेवते. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. पकडला गेला तर भोगणार कामगार. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. एजंटची नोंदणी आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. यूएईच्या 2021 च्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकानं कामगाराकडून वसूल करायचा नाही. प्रशांतला म्हटलं, या एजंटला एक रुपयाही देऊ नका, बाकीचं नंतर बोलू.

पुढच्या वेळी वर्षाला एकटीला बोलावलं. सासू-सासऱ्यांसमोर किंवा नवऱ्यासमोर विचारलं असतं तर ‘यांची इच्छा असेल तर माझी ना नाही’ हेच ऐकायला मिळालं असतं. हे उत्तर मी इतक्या बायकांकडून ऐकलंय, की त्याला संमती मानायचं मी सोडून दिलंय.

ती आली दवाखान्यातून परस्पर, डबा हातात. आधी सगळं छान छान बोलली. मग मी विचारलं, "प्रशांत गेल्यावरचा एक मंगळवार सांगा, सकाळपासून." तिनं सांगायला सुरुवात केली. सहाला उठणं, आईंचं इन्सुलिन, मुलीची वेणी, रिक्षा, अण्णांचा फॉलोअप असेल तर रजा, संध्याकाळी सोसायटीचं पाणी गेलं तर टँकरला फोन... आणि मध्येच थांबली. "मॅडम, मला यांनी विचारलं नाहीये. सांगितलंय. आणि वरून म्हणतात, तुमच्यासाठीच तर जातोय. आता यावर मी काय बोलू? दमले म्हणाले, तर तो तिकडे उन्हात मरतोय आणि हिला इथे काय झालं, असं होणार."

मला या विषयात जे सांगायचंय ते नेमकं इथे आहे. ‘तुमच्यासाठी’ म्हणून गेलेल्या माणसाकडे तक्रार करायची सोय मागच्यांना राहत नाही. जाणाऱ्याचा त्याग सगळ्यांना दिसतो, त्याचे पैसे दर महिन्याला खात्यात दिसतात. मागे राहिलेल्याचं काम कुठेच दिसत नाही. दोन-तीन वर्षांत त्याचं रूपांतर अबोल्यात होतं, आणि मग मंडळी म्हणतात, परदेशानं घर मोडलं.

प्रशांतला पुढच्या भेटीत एवढंच विचारलं, "कर्ज उद्या कुणी फेडून टाकलं, तर जाल का?" तो आधी हसला. मग म्हणाला, जाईन. कारखान्यात त्याच्या मागून आलेल्या मुलाला सुपरवायझर केलं होतं. दुबईत मोठ्या चिलर प्लांटवर काम शिकायला मिळणार होतं. सिन्नरचा एक मित्र तिथून येऊन बंगला बांधून बसला होता, तेही होतंच. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? छत्तीस वर्षांच्या माणसाला पुढे जावंसं वाटणं ही चांगली गोष्ट आहे. फक्त ती आई-वडिलांच्या औषधांच्या पिशवीत घालून नेऊ नये.

मग अण्णांसकट चौघं बसले. अण्णा कमी बोलणारे. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाले, "माझ्यामुळे थांबू नको. पण माझ्या नावावर जाऊपण नको. जायचंय तर तुझं म्हणून जा." आई रडल्या. वर्षानं पहिल्यांदा नवऱ्यासमोर सांगितलं, की ती नोकरी सोडणार नाही.

त्यानंतरचं काम रुक्ष आहे, पण तेच खरं समुपदेशन. त्यांनी एका वहीत अटी लिहिल्या. आईंसाठी सकाळची बाई. दवाखान्याच्या वाऱ्या देवळालीत राहणाऱ्या नणंदेनं वर्षाबरोबर वाटून घ्यायच्या. नणंद आधी बिथरली, तिच्या घरी वेगळी बैठक घ्यावी लागली. पगारातला ठरलेला भाग थेट वर्षाच्या खात्यात, मागावा लागणार नाही असा. फ्लॅटच्या कागदपत्रांसाठी मुखत्यारपत्र. अचानक यावं लागलं तर त्या तिकिटाचे पैसे बाजूला. अंतराची लोकांना उगाच धास्ती असते. दुबईहून मुंबईला विमान तीन-सव्वातीन तासांत येतं. मुंबई विमानतळाहून नाशिक गाठायला बऱ्याचदा त्याहून जास्त वेळ जातो, कसारा घाटात अडकलात तर विचारूच नका. अडतं ते रजेवर आणि ऐनवेळच्या पैशांवर.

आणि थांबून विचार करायच्या दोन तारखा. यूएईत प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं. त्या काळात नोकरी सोडून मायदेशी परतायचं असेल तर 14 दिवसांची नोटीस पुरते. म्हणून पहिली तारीख पाचव्या महिन्यात. दुसरी, मुलीच्या तिसरीच्या आधी. ‘बघू नंतर’ म्हणून गेलेली माणसं दहा-दहा वर्षं बघतच राहतात.

बायको-मुलीला घेऊन जाणं का नको, असं कुणी विचारेल. तिथे 4,000 दिरहम पगारावर, किंवा 3,000 आणि राहायची सोय असेल तर, कुटुंबाचा व्हिसा काढता येतो. पण तिथलं घरभाडं आणि शाळेची फी बघितली, की कळतं: कायद्यानं नेता येतं, खिशानं नाही.

मुलीला काय सांगायचं, यावर घरात एकमत होतं. ती झोपलेली असताना निघायचं, सकाळी सांगायचं बाबा कामाला गेलाय. माझा याला साफ विरोध असतो. सकाळी उठून बाबा गायब दिसला, की मूल पुढे आई बाथरूमला गेली तरी दार वाजवतं. सहा वर्षांच्या मुलाला खरं सांगता येतं: कुठे, कशासाठी, परत कधी. प्रशांतनं सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिनं विचारलं, "जिन्याखालची माझी सायकल कोण काढून देणार?" अण्णांना वजन उचलायचं नाही, आजीचे गुडघे. बाप करत असलेलं हे काम घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं. शेवटी तळमजल्यावरच्या काकांना सांगून सायकल त्यांच्या गॅलरीत हलवली.

पहिल्या एजंटकडचं काम प्रशांतनं सोडलं. त्यावर घरात तीन महिने धुसफूस झाली, ‘मॅडमनी संधी घालवली’ इथपर्यंत. नंतर दुसऱ्या कंपनीची थेट मुलाखत मिळाली, कामाच्या व्हिसासकट लेखी ऑफर आली, पगार थोडा कमी पण मूळ पगार जास्त. तो गेला.

पहिले दोन महिने वाईट गेले. व्हॉट्सअ‍ॅपवरून तिथे कॉल लागत नाही, हे आई-अण्णांच्या ध्यानात राहीना. तिथे चालणारं बोटिम अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये होतं, पण उघडायचं कसं ते विसरायचे. (निघण्याआधी घरच्यांकडून चार वेळा लावून घ्या, हे आता मी प्रत्येकाला सांगते.) तिथली वेळ आपल्यामागे दीड तास. प्रशांत ड्युटी संपवून फोन करायचा तेव्हा मुलगी पेंगुळलेली असायची. वर्षानं वेळ बदलायला लावली, सकाळी रिक्षा यायच्या आधी पाच मिनिटं. मुख्य म्हणजे ती त्याला ‘आज मी दमले’ असं सांगते. तोही ‘मग मी इथे काय करतोय’ असं न म्हणता ऐकतो, निदान बऱ्याचदा.

हे घर सुदैवी, असं मी म्हणेन. अण्णा बोलले, नणंद तयार झाली. सगळीकडे असं होत नाही. घरात कुणाला स्मृतिभ्रंश आहे, जोडीदार नैराश्याच्या उपचारांवर आहे, किंवा जाण्यासाठीच सावकाराकडून पैसे उचलावे लागणार आहेत, तर मी सरळ सांगते: आत्ता थांबा. आणि जाणारी बाई असेल, जर्मनीला निघालेली नर्स आणि मागे चार वर्षांचा मुलगा, तर तिला ‘आई आहेस ना तू’ हे सगळ्या गावाकडून ऐकावं लागतं. प्रशांतला ‘बाप आहेस ना तू’ असं एकदाही कुणी म्हटलं नाही. त्या घरांत मी नवऱ्याला मंगळवार सांगायला लावते.

प्रशांतच्या घरी आता दुसरी तारीख जवळ आलीय. कंपनी आणखी दोन वर्षं देतेय. वर्षाचं म्हणणं, एकच वर्ष, आणि दिवाळीला पंधरा दिवस रजा लेखी. येत्या रविवारी ती माझ्याकडे येईल, प्रशांत फोनवर असेल, आणि आईंनी कळवलंय की या वेळी त्यांनाही बोलायचंय.