सीटी स्कॅनवर नव्याने बसणाऱ्यास
रत्नागिरीत सीटीवर रुजू झालायस, म्हणून सांगतो. पोटातल्या महाधमनीचं माप सरळ आडव्या छेदावर घेऊ नकोस. उतारवयात ती नागमोडी होते आणि तिरका छेद व्यास उगाच वाढवून दाखवतो. तिच्या अक्षाला काटकोनात, बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत मोज. आतली रक्ताची गुठळीही मापात धर. 3 सेंमीपासून ॲन्युरिझम, म्हणजे धमनीचा फुगा, म्हणतात, पण शस्त्रक्रियेचा विचार साधारणपणे पुरुषांत 5.5 आणि स्त्रियांत 5 सेंमीला होतो. तिथे चार मिलिमीटर चुकले तर एखाद्याला विनाकारण मुंबई गाठावी लागते.

महाधमनीतून पायांकडे जाणाऱ्या इलियाक धमन्या जांघेपर्यंत बघ, फुग्याच्या आत बसवायची नळी, म्हणजे स्टेंट-ग्राफ्ट, तिथूनच वर चढवतात. भिंतीत कॅल्शियम जास्त असेल तर विंडो, म्हणजे पडद्यावरची करड्या छटांची मर्यादा, रुंद ठेव.

आणि माणसाशी बोल. बंदरावरून जांभ्याच्या पायऱ्या चढताना कुल्ले-मांड्या भरून येतात, थांबलं की उतरतं, असं कुणी सांगितलं तर इलियाककडे नीट लक्ष दे. बिडीचंही विचार. एरवी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघूनच कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसण्यासाठी शिरेतून द्यायचं औषध, दे. पण अचानक पोट-पाठ दुखून रक्तदाब पडलेला असेल, तर फुगा फुटलेला असू शकतो, त्या तपासणीसाठी थांबू नकोस. सर्जनला फोन लाव आणि लगेच स्कॅन घे.