आधी नद्या पाहा, मग रस्ता : घाटातील सायकलस्वारीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ४६ आहे. रविवारी सपाट रस्त्यावर ६०-७० किलोमीटर सायकल चालवणे आता अंगवळणी पडले आहे. पुण्याहून दोन दिवसांत महाबळेश्वर गाठण्याची फार दिवसांची इच्छा आहे. परंतु महामार्गावरील अवजड वाहने आणि खंबाटकी घाट यांची धास्ती वाटते. दुसरी वाट आहे का आणि ती मला झेपेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वाट आहे आणि ती आपल्याला झेपेल. ती सांगण्याआधी एक विनंती करतो. नकाशा उघडल्यावर लगेच रस्त्यावर बोट ठेवू नका. आधी नद्या पाहा. मुठा, नीरा, कृष्णा, वेण्णा या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून निघून साधारण पूर्वेकडे वाहतात आणि दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एक रांग असते. नदीच्या कडेने जाणारा रस्ता चढत असला, तरी इतक्या सावकाश चढतो की पायांना ते फारसे जाणवत नाही. मेहनत पडते ती एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाताना. पुण्याहून महाबळेश्वरला जाणे म्हणजे दक्षिणेकडे जाणे, म्हणजेच या रांगा एकामागून एक ओलांडणे होय. म्हणून या प्रवासाचा हिशेब किलोमीटरमध्ये मांडला, तर तो हमखास चुकतो. तो खिंडींमध्ये मांडावा.

पहिली खिंड कात्रजची. जुन्या बोगद्याच्या घाटाने पलीकडे उतरलात की शिवगंगेचे खोरे लागते. कापूरहोळपर्यंतच्या पट्ट्यात महामार्ग टाळता येत नाही. तेव्हा उजाडताच घर सोडावे, शक्य तिथे सेवारस्ता धरावा आणि हा भाग वाहनांची गर्दी होण्यापूर्वी मागे टाकावा. कापूरहोळला उजवीकडे वळून भोरचा रस्ता धरला की प्रवासाचा सूरच बदलतो. हा नीरेच्या खोऱ्याचा प्रदेश आहे. भोरजवळ वेळवंडी नदीवरील भाटघर धरण ब्रिटिश अमदानीतले असून १९२० च्या दशकात ते पूर्ण झाले. भोरमध्ये पोटभर न्याहारी करावी, दोन्ही बाटल्या भरून घ्याव्यात आणि घाईने निघू नये, कारण दिवसाचे खरे काम इथून पुढे आहे.

भोरहून आंबाडखिंडीच्या घाटाने मांढरदेवीच्या पठारावर चढावे आणि पलीकडे वाईला उतरावे. चढ नागमोडी आहे आणि सावली मोजकीच आहे. हा घाट ज्या रांगेवर आहे, ती महादेवाची रांग भीमा आणि कृष्णा यांची खोरी वेगळी करते. घाटमाथ्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस नीरेतून नीरा-नरसिंहपूरला भीमेत जातो, दक्षिणेला पडलेला थेट कृष्णेला मिळतो आणि या दोन पाण्यांची पुन्हा गाठ पडते ती कर्नाटकात, रायचूरच्या बाजूला. माथ्यावर सायकलवरून उतरून दोन्हीकडची शेते पाहताना हे आठवले, की मागचे दोन तास पायांनी नेमके काय ओलांडले हे कळते. महामार्गावरून जाणाऱ्याला ते कळत नाही आणि त्यासाठी तरी ही वाट निवडावी असे मला मनापासून वाटते. पौष महिन्यात मांढरदेवीला काळूबाईची यात्रा असते, ते दिवस मात्र टाळावेत. त्या काळात रस्त्यावर भाविकांची आणि वाहनांची दाटी असते.

पुणे ते वाई हे अंतर या वाटेने शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. मुक्काम वाईला करावा. दुसऱ्या दिवशीचा पसरणी घाट नावाने धाक घालतो, पण त्याची आखणी शहाणपणाची आहे. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे. हा ६०० मीटरचा चढ अकरा-बारा किलोमीटरमध्ये पसरलेला असल्याने सरासरी चढण शंभर मीटरला पाच मीटरच्या जवळपास पडते, आणि मधे एकदम अंगावर येणारा टप्पा फारसा नाही. सायकलसह आपले वजन ८५ किलो धरले, तर सव्वा तासात हा घाट चढण्यासाठी केवळ उंची गाठण्यापुरती सरासरी ११० वॅटच्या आसपास शक्ती लागते. नियमित सायकल चालवणाऱ्याला ती अवघड नाही. मात्र पहिल्या दोन किलोमीटरमध्ये उत्साहाच्या भरात तिच्या दीडपट शक्ती खर्च केली, तर शेवटचे चार किलोमीटर ढकलत जाण्याची वेळ येते. पाचगणीच्या पुढचा रस्ता डोंगराच्या पाठीवरून चढउतार करत जातो. शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते, म्हणून सूर्योदयापूर्वी पुढेमागे दिवे लावून वाई सोडावी.

परतीला केळघर घाटाने मेढ्याकडे उतरावे आणि वेण्णेच्या सोबतीने, कण्हेर धरण पाहत, साताऱ्यात यावे. त्यात पुन्हा एकही खिंड नाही.

प्रश्न : माझ्या सायकलला पुढे ५२ आणि ३६ दात्यांच्या चकत्या असून मागची सर्वांत मोठी चकती २८ दात्यांची आहे. घाट चढल्यावर दोन दिवस गुडघे दुखतात. दोष माझ्या पायांचा की सायकलचा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून तरी सायकलच्या गिअरकडे बोट दाखवावे लागते. ३६ पुढे आणि २८ मागे असताना पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.७ मीटर पुढे जाते. पाच टक्क्यांच्या चढावर ताशी ८ किलोमीटरचा वेग धरला, तर मिनिटाला ५० सुद्धा फेरे होत नाहीत. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जड दाब येतो आणि तो तासभर येत राहतो. पुढे ३४ आणि मागे ३४ दात्यांची चकती असेल, तर त्याच वेगाला ६३ फेरे होतात. काम तेवढेच होते, पण ते लहान लहान हप्त्यांत विभागले जाते. मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदलण्यापूर्वी आपला मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दाते पेलतो का, हे दुकानदाराकडून तपासून घ्यावे. बहुधा साखळीही लांब घ्यावी लागेल. बसण्याची उंची कमी असली तरीही गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, तेव्हा तीही पाहावी. एवढे करूनही दुखणे राहिले, तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

प्रश्न : जुलै महिन्यात वरंधा किंवा आंबेनळी घाटाने कोकणात उतरण्याचा आम्हा चार मैत्रिणींचा बेत आहे. धबधबे आणि हिरवाई पाहण्यासाठी याहून चांगला काळ नाही असे सर्व जण सांगतात. पावसात उतरताना कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपला हिरमोड होईल याची कल्पना असूनही स्पष्ट लिहितो : जुलैमध्ये या दोन्ही घाटांत सायकलने जाऊ नये. महाबळेश्वर परिसरात वर्षाला साधारण पाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला आणि त्याच दिवसांत महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीसाठी वारंवार बंद ठेवला जातो, त्यामागे हेच कारण आहे. दरड सायकलस्वाराचे कौशल्य पाहून कोसळत नाही, म्हणून इथे काळजी घेण्याचा उपाय अपुरा पडतो.

बेत ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरात न्यावा. तेव्हाही डोंगर हिरवेच असतात आणि रस्ता कोरडा असतो. उतरण्याविषयी जे विचारले आहे, ते त्या वेळी उपयोगी पडेल म्हणून सांगतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने, प्रतापगडाच्या फाट्यावरून पोलादपूरला जाताना सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये १३०० मीटर उंची उतरावी लागते. ८५ किलो वजन एवढे खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात तीन लिटर पाणी उकळू शकेल. तिचा काही भाग हवा घेते, उरलेला सगळा ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठतो. याच घाटात रिम ब्रेकची (चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची) सायकल उतरवताना मी ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवला होता. रिम तापून मागची ट्यूब फुटली आणि वळणाऐवजी सरळ रस्ता होता म्हणूनच मी सावरलो. तेव्हापासून वळणाच्या आधी ब्रेक ठामपणे दाबायचा, वेग पुरेसा कमी करायचा आणि वळणात शिरताना तो सोडून द्यायचा, हा नियम मी मोडलेला नाही. दर काही किलोमीटरला थांबून रिम निवू द्यावी. डिस्क ब्रेक असतील, तर निघण्यापूर्वी पॅड किती झिजले आहेत ते पाहावे. वळणावर डावी बाजू सोडू नये, कारण समोरून चढणारी एसटी वळताना पूर्ण रस्ता घेते आणि तिला तो घ्यावाच लागतो.

चौघींमध्ये पन्नास-साठ मीटरचे अंतर ठेवून उतरावे. पुढचीच्या चाकाला चाक लावून जाण्याची सवय सपाटीवर श्रम वाचवते. घाटाच्या उतारावर तिचा काहीही उपयोग नाही.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला डोंगरातली सायकलस्वारी दाखवायची आहे, पण घाट नको. साताऱ्याच्या जवळपास असा रस्ता आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वाईपर्यंत गाडीने जावे आणि तिथून कृष्णेच्या खोऱ्यात आत शिरावे. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा दगडी घाट आहे, तिथे पहिला थांबा घ्यावा. पुढे धोम गावात नृसिंहाचे मंदिर आहे आणि लगेच धरणाचे पाणी दिसू लागते. दोन्ही बाजूंना डोंगर असूनही हा रस्ता खोऱ्याच्या तळातून जातो, त्यामुळे चढ किरकोळ आहेत. ती न थकता जितकी जाईल तितके जावे आणि परतावे. येताना रस्ता नदीबरोबर खाली येत असल्याने तिचे पाय आपोआप हलके होतील. सकाळी दहाच्या आत वाईला परत यावे, त्यानंतर धरणाकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात.